आंतरविद्याशाखीय सामाजिक संशोधनासाठी सरकारी निधी मागताय? या चुका टाळा

विदर्भातल्या तालुक्याच्या महाविद्यालयांतून संशोधनाचे जे प्रस्ताव दिल्लीला जातात, त्यांचे विषय बहुधा कसदार असतात. कापसाचा खर्च, मेळघाटातलं स्थलांतर, गडचिरोलीतले सामूहिक वनहक्क हे विषय पुस्तकातून नव्हे, गावातून आलेले असतात. तरीही प्रस्ताव पडतात, आणि बहुतेक वेळा ते विषयांच्या जोडावर पडतात. अर्थशास्त्राचा एक भाग, आरोग्याचा एक भाग, शेतीचा एक भाग आणि शेवटी ‘सर्वंकष निष्कर्ष’ अशी रचना असली की हे तीन वेगळे प्रकल्प एका फाइलीत बांधलेत, हे परीक्षकाला लगेच कळतं. म्हणून जोडापासूनच सुरुवात करू.

मोजायचं काय, हेच ठरलेलं नसतं

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. यावर प्रस्ताव लिहायचा तर कृषिशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ असे तिघंही हवेत. पण कृषिशास्त्रज्ञ शेताचा तुकडा मोजतो, डॉक्टर रुग्ण मोजतो आणि समाजशास्त्रज्ञ कुटुंब मोजतो. तिघांनी आपापल्या सवयीने माहिती गोळा केली, तर वर्षअखेरीला हातात तीन तक्ते येतात आणि ते एकमेकांना जुळत नाहीत.

नमुना सातबाऱ्यावरून काढला, तर पाठीवर पंप घेणारा भूमिहीन मजूर यादीतच येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीवरून काढला, तर चक्कर येऊनही घरीच पडून राहिलेला माणूस सुटतो. इथे तिघांना चालेल असं एकक शोधावं लागतं: ‘एका माणसाचा फवारणीचा एक दिवस’. कोणी फवारलं, कोणाच्या शेतात, मजुरीवर की घरचं म्हणून, कोणती औषधं एकत्र केली, किती तास, पिकाची उंची किती, वारा कुठून होता, संध्याकाळी काय झालं. एवढी एक ओळ भरली की तिच्यात तिन्ही शास्त्रं येतात. प्रत्येक ओळीला गाव, कुटुंब, व्यक्ती आणि शेताचा गट क्रमांक जोडणारा एकच संकेतांक द्या. तो पहिल्या दिवसापासून तिघांच्याही कागदांवर हवा, कारण नंतर नावांवरून जुळवणी होत नाही. एका गावात एकाच आडनावाची वीस घरं असतात.

प्रस्तावात हे अर्ध्या पानाच्या तक्त्यात दाखवा: कोणता उपप्रश्न, त्याला कोणाची माहिती लागते, ती कोणत्या संकेतांकाने जोडली जाते आणि जोडल्यावर काय कळेल, जे एकट्या शास्त्राला कळलं नसतं. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल, तर ते शास्त्र प्रकल्पात घेऊ नका. दोन शास्त्रांचा घट्ट प्रस्ताव पाच शास्त्रांच्या सैल प्रस्तावापेक्षा केव्हाही बरा.

दार चुकतं

जुन्या याद्या अजून फिरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्प हे बाराव्या पंचवार्षिक योजनेपर्यंतचं प्रकरण. ‘इम्प्रेस’ ही सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला निधी देणारी केंद्राची योजना ऑक्टोबर २०१८मध्ये ४१४ कोटींची तरतूद घेऊन आली आणि तिची मुदत मार्च २०२१पर्यंतच होती. तिच्या नमुन्यावर आज प्रस्ताव बेतू नका.

सामाजिक प्रश्न गाभ्याला असेल, तर पहिलं दार १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएसएसआरचं. मोजायचा परिणाम आरोग्याचा असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३चा, पण त्यात सामाजिक शास्त्रांचा जो भाग विज्ञान-तंत्रज्ञानाला भिडतो तेवढाच येतो. तिथे ‘शेतमजुरांची सामाजिक स्थिती’ असं शीर्षक घेऊन गेलात तर विषय बाहेरचा ठरेल. ‘फवारणीच्या संरक्षक साधनांची रचना आणि मजुरांकडून होणारा वापर’ असं मांडता आलं तर बोलणं होऊ शकतं. मात्र फक्त शीर्षक बदलून तोच मजकूर तीन ठिकाणी पाठवू नका. बहुतेक संस्था ‘हा प्रस्ताव अन्यत्र दिलेला नाही’ असं लिहून घेतात.

अर्जात मुख्य विषय निवडायचा रकाना असतो. तिथे जी शाखा निवडाल, त्या शाखेचा परीक्षक येण्याची शक्यता जास्त. ज्या शाखेची पद्धत प्रस्तावात सर्वांत भक्कम आहे, ती निवडा. प्रमुख संशोधकाची पदवी ज्या विषयाची, तोच विषय आपोआप भरू नका.

अर्जाआधी महाविद्यालयाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याची २(एफ) (मान्यता) आणि १२(बी) (केंद्रीय अनुदानाची पात्रता) ही कलमं लागू आहेत का, हे पाहा. ग्रामीण भागातल्या अनेक विनाअनुदानित महाविद्यालयांकडे १२(बी) नसतं. मग विद्यापीठाच्या विभागाला यजमान संस्था करून अर्ज करावा लागतो, आणि त्या संमतीपत्राला महिना सहज जातो.

पैसा जोडावर ठेवलेला नसतो

मनुष्यबळ, क्षेत्रकार्य, साहित्य, किरकोळ, प्रकाशन या प्रत्येक शीर्षावर किती टक्के खर्च चालतो, ते जाहिरातीत दिलेलं असतं आणि ते बदलतं. त्या वर्षीची जाहिरात समोर ठेवूनच आकडे भरा.

क्षेत्रकार्याचा अंदाज बहुतेक जण निम्म्यावर लावतात. हिशेब असा करा. तीनशे कुटुंबं, तासाभराची प्रश्नावली. लोक शेतावर असतात, भेट सकाळी किंवा संध्याकाळीच होते, त्यामुळे एका गणकाच्या दिवसाला तीन मुलाखती धरा. झाले शंभर मनुष्यदिवस. घर बंद असणं, अर्धवट राहिलेली मुलाखत यांसाठी पंधरा टक्के वाढवा. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू दुभाषी सोबत असेल, तर दिवसाला दोनच धरा, म्हणजे दीडशे दिवस, आणि दुभाष्याचे तितकेच दिवस वेगळे. गोंडी, माडिया, कोलामी बोलणाऱ्या गावांतही असंच. दुभाष्याला ‘किरकोळ’मधून भागवायचं ठरवलं की तोच पहिल्यांदा कापला जातो, आणि मग गावातला मराठी येणारा एखादा पुरुषच सगळ्या बायांच्या वतीने उत्तरं देतो.

संयुक्त बैठकांचा प्रवास, माहिती जुळवणाऱ्या व्यक्तीचे किमान दोन-तीन महिने आणि प्रश्नावलीची चाचणी यांना स्वतंत्र ओळी द्या. सहसंशोधक दुसऱ्या संस्थेतला असेल, तर त्याच्या वाट्याचा पैसा कुठे जमा होणार, बिलं कोणाच्या नावाने निघणार आणि माहितीची मालकी कोणाची, हे करारात आधीच लिहून घ्या. मंजुरीनंतर हे ठरवायला बसलात तर पहिला हप्ता पडून राहतो.

पंचांग दिल्लीचं, शेत विदर्भाचं

मंजुरीपत्र कधी येईल ते तुमच्या हातात नाही. फवारणीचा जोर मात्र जुलै ते ऑक्टोबरमध्येच असतो. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची (काही कीटकनाशकांमुळे मंदावणाऱ्या विकराची) तपासणी करायची असेल, तर हंगामाआधीचा नमुना हवाच. माणसामाणसांत हे प्रमाण फार वेगळं असतं, त्यामुळे फवारणीनंतरचा एकटा आकडा फारसं सांगत नाही. शिवाय ही चाचणी ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातल्या औषधांपुरतीच आहे, बाकीच्यांसाठी ती लिहू नका. नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत पोचवण्याची सोयही लिहा.

वेळापत्रकात ‘महिना १, महिना २’ एवढंच न लिहिता दोन पर्याय द्या: निधी मेपूर्वी आला तर काय, ऑगस्टनंतर आला तर काय. दुसऱ्या पर्यायात पहिले महिने गावांची यादी, परवानग्या आणि प्रश्नावलीची चाचणी यांत जातील. मेळघाटात दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामाला बाहेर जातात आणि होळीला परततात. तेंदूपानाच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, गडचिरोली-गोंदियाकडे भल्या पहाटे माणसं जंगलात असतात. या तारखा प्रस्तावात दिसल्या की लिहिणाऱ्याला मुलूख ठाऊक आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

परवानगी आणि संमती

आरोग्याची माहिती घेणार असाल, तर नीती समितीची मंजुरी लागतेच. महाविद्यालयात अशी समिती नसेल, तर वैद्यकीय भागीदार संस्थेच्या समितीकडे आधीच विचारणा करा. वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती तटस्थ साक्षीदारासमोर घ्यायची असते. मालक किंवा मुकादम साक्षीदार चालणार नाही, त्याच्यासमोर मजूर नाही म्हणू शकत नाही. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी गावांत सरपंचाच्या पत्रावर थांबू नका, ग्रामसभेपुढे विषय मांडा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी वेगळी. दवाखान्याच्या नोंदी हव्या असतील, तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज करताना मंजुरीपत्र आणि नीती समितीचं पत्र दोन्ही जोडा.

हिशेबात अडकलेला हप्ता

पुढचा हप्ता कामाच्या दर्जापेक्षा कागदावर अडतो. संस्थेची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या केंद्राच्या संगणकीय प्रणालीवर नोंदणी आणि स्वतंत्र खातं आधी तयार ठेवा. मंजूर शीर्षातला पैसा दुसऱ्या शीर्षात वळवायचा तर खर्चाआधी लेखी परवानगी घ्या, नंतरचं स्पष्टीकरण लेखापरीक्षक मान्य करत नाहीत. गणकांना रोख देऊ नका, बँकेतून द्या, आणि प्रत्येकाच्या दैनंदिन हजेरीवर गाव व मुलाखतींची संख्या असू द्या. अनुदानावर मिळालेलं व्याज तुमचं नसतं, ते परत करायचं असतं. उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए या नमुन्यात लागतं, आणि त्यातली शिल्लक बँक पासबुकाशी रुपयात रुपया जुळली पाहिजे. लेखापालाला हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगू नका, दर तिमाहीला एकदा बिलं, हजेरी आणि पासबुक एकत्र बसून तपासा.