जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी तिला खान्देशचं ऊन दाखवा

आमच्याकडे जळगावात स्पोर्ट्स कार म्हटलं की पोरं हात जमिनीपासून वीतभर वर धरून दाखवतात, "एवढीच उंच पाहिजे भो." तसली गाडी आमच्या गतिरोधकांवर पहिल्याच आठवड्यात पोट घासून बसेल. घरच्यांना मागे बसवता येईल आणि तरी पाय दाबला की पाठ सीटला चिकटेल अशी गाडी हवी असेल, तर जुन्या बाजारात तीन नावं पुन्हापुन्हा समोर येतात. पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. ती २००४ च्या सुमारास आपल्याकडे आली, १.८ लिटर टर्बो, १५० हॉर्सपॉवर, कन्नड घाटापलीकडच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली. दुसरी २०१३ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरची, १०५ हॉर्सपॉवर आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिसरी २०१५ ची अबार्थ पुंटो, १.४ लिटर टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, रांजणगावची.

तिन्हींना टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा आहे, आणि म्हणून तिन्हींना गरमी जास्त. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. म्हणून मी गाडी दोनदा बघतो, एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी. हा धडा मला फुकट मिळालेला नाही. माझी आरएस मी डिसेंबरात, संध्याकाळी घेतली. गारठ्यात सगळं गोड होतं. एप्रिलात लळिंग घाट चढताना काटा लाल पट्ट्याकडे सरकला आणि बॉनेटमधून वाफ आली. वॉटर पंपाची प्लॅस्टिकची पाती झिजून गेली होती. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "माझ्याकडे असताना कधी तापली नाही." तापेल कशी? त्याने ती थंडीतच चालवली होती.

आधी कागद, मग गाडी

गाडी बघायला निघण्यापूर्वी आरसीचा फोटो मागवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. सुरुवातीच्या आरएस ही मुदत कधीच ओलांडून बसल्यात, त्यामुळे नूतनीकरण झालंय का आणि जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स भरलाय का ते बघा. झालं नसेल तर फिटनेसची फेरी तुमच्या डोक्यावर येते. आरसीवर बँकेचं नाव असेल तर ते काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागलीय का तेही विचारा.

इन्शुरन्सची पॉलिसी मात्र नीट वाचा. तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, किती टक्के आहे ते बघा. "एक ओरखडा नाही भाऊ" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षी गाडी कुठे ठोकली होती ते सरळ विचारा. मीटर किती फिरवलाय हे कागदावर कळत नाही. ते कळतं ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड आणि स्टिअरिंगची झिजून गुळगुळीत झालेली बाजू बघून. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं पेडल आरशासारखं चमकत नाही.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते. तिकडे पेट्रोल गाडीला १५ वर्षांची आणि डिझेलला १० वर्षांची मर्यादा आली, तेव्हापासून म्हातारपणाला टेकलेल्या गाड्यांचा ओघ इकडे वळलाय. पण एनओसी, महाराष्ट्राचा कर, नव्याने नोंदणी आणि आरटीओच्या चकरा धरल्या की ती स्वस्ताई बरीचशी विरते. एमएच १८, १९ किंवा ३९, म्हणजे आपल्या धुळे, जळगाव किंवा नंदुरबार पासिंगची चार पैसे महाग मिळाली तरी मी तीच घेईन.

पहाटे सहाला

विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोहोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत या. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवत असतं.

थंड गाडीची ऑइलची टोपी उघडा. आतून मलईसारखा पांढरट चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातली पट्टी, गेल्याची शंका घ्या. थोडा चिकटा नुसत्या दमटपणानेही येतो, म्हणून कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतही बघा. तिथे तेलाची तवंग असेल तर विषय संपला. मग चावी फिरवा आणि सायलेन्सरच्या मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ चालते, पण गाडी तापल्यावरही थांबली नाही आणि गोडसर वास आला तर ते कूलंट आहे. पोलो असेल तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत कान द्या. तिच्या १.२ इंजिनात व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ती ढिली झाली की थंड इंजिन सुरू होताना डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येतो.

आरएस आणि अबार्थ दोन्हींना बेल्ट आहे, आणि बेल्ट किलोमीटरनेच नाही तर वर्षांनीही म्हातारा होतो. "गाडी कमी चाललीय, बेल्टला काय होतंय" हे वाक्य ऐकलंत की बेल्टचे पैसे किमतीतून वजा करा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावंच लागतं. आरएसमध्ये वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, म्हणून बेल्ट बदलताना पंपही बदला. नवीन पंप धातूच्या पात्यांचा मागा.

"डॉक्टरनी गाडी शे भाऊ, घरातच उभी", म्हणजे डॉक्टरची गाडी आहे, असंही ऐकायला मिळेल. उभ्या गाडीचे सील वाळतात, टायर कडक होतात. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. खाचा कितीही खोल असल्या तरी असे जुने टायर बदलायचे, हे धरूनच भाव करा.

भर दुपारी दोनला

हीच खरी परीक्षा. एसी फुल करा, गाडी उन्हात उभी ठेवा आणि वीस मिनिटं इंजिन चालू राहू द्या. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. एसीची हवा गार राहिली पाहिजे. आरएस आणि पोलोच्या काट्यावर फार विसंबू नका. या गाड्यांचा काटा तापमान थोडं वर-खाली झालं तरी ९० वरच गोठलेला असतो. तो हलला म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेलीय. उलट हायवेवर ८० च्या वेगात काटा ९० च्या खाली उतरत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडबंद करणारी झडप, उघडाच अडकलाय. हे काम त्यामानाने लहान आहे.

पोलो घेत असाल तर दुपारच्या या तापलेल्या गाडीला बाजाराच्या गर्दीत न्या. डीएसजीमध्ये दोन कोरडे क्लच असतात आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरली, चढावर रिव्हर्स घेताना अडखळली किंवा डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं, तर क्लचपासून मेकाट्रॉनिकपर्यंत, म्हणजे गिअरबॉक्सच्या मेंदूपर्यंत, काहीही निघू शकतं. मेकाट्रॉनिक गेलं तर बिल लाखाच्या घरात जातं. गिअरबॉक्सबद्दल मनात पाव टक्का शंका राहिली तरी मी पोलो सोडून देतो, कितीही पांढरीशुभ्र असो.

तिथून थेट घाटात. धुळेकरांना लळिंग, जळगावकरांना अजिंठा घाट, चाळीसगावकरांना कन्नड घाट, नंदुरबारकरांना तोरणमाळची चढण. चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाला पूर्ण पाय दाबा. आरपीएम वर पळाला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच प्लेट संपली. झटके देत चढत असेल तर आरएसमध्ये आधी ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलवर संशय घ्या. पिकअप मेल्यासारखा वाटून शिट्टीसारखा आवाज आला तर टर्बोचा पाइप कुठेतरी फाटलाय. उतरताना ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत.

रॅम्पवर चढवा

आपल्या ओळखीच्या मेस्तरीकडे जा, विकणाऱ्याच्या नाही. खालून ऑइल चेंबर बघा. गतिरोधकांनी त्याला पोचे पाडलेले असतात, वेल्डिंगची खूणही दिसेल. शॉकअपमधून तेल गळतंय का, बुश फाटलेत का ते तो दोन मिनिटांत सांगेल. स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड वाचून घ्या, आणि चिप ट्यूनिंग, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल, झालंय का ते तोंडावर विचारा. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारांवर आणि मडगार्डवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे.

अबार्थला वेगळी अडचण आहे. फियाटने २०१९ मध्ये भारतातली विक्री बंद केली. साध्या पुंटोशी जुळणारे भाग मिळतात, पण फक्त अबार्थचे म्हणून जे आहेत त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईला फोन लावत बसावं लागतं. बंपर फुटलेली अबार्थ मी घेत नाही.

सौदा ठरला की

मालकी बदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर त्याच दिवशी सह्या घ्या आणि ३० दिवसांच्या आत आरटीओत गाडी आपल्या नावावर करा. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस. किमतीच्या चौथ्या हिश्शाइतके पैसे हातात राखून ठेवा, ते पहिल्या महिन्यातच लागतील. आणि बेल्टचं बिल हातात नसेल तर गाडी चालवत घरी आणू नका. टोइंगवर घालून सरळ मेस्तरीकडे न्या, बेल्ट, पंप, ऑइल आणि कूलंट बदलून घ्या. नारळ त्यानंतर फोडा.