फ्लेक्स मशीन आणि रेडियम कटर नवीन घेतलंय? या चुका टाळा

मशीन दुकानात उतरलं की मालकाला घाई असते पहिली प्रिंट काढायची. मी आधी विचारतो, "अर्थिंग केलं का भाऊ?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी फ्लेक्स-रेडियमचं काम करतो. नवीन दुकानवाल्यांचे जे फोन येतात, त्यातले बरेचसे मशीनच्या बिघाडाचे नसतातच. खोली, वीज आणि घाई यांचे असतात.

वीज आधी घ्या. घरगुती बोर्डाच्या तिसऱ्या भोकात तार असतेच असं नाही. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर कोळसा-मीठ घालून वेगळा खड्डा करा. आणि तो केला म्हणजे झालं असंही नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. मार्चपासून त्यात रोज बादलीभर पाणी ओता. कटर अर्ध्यात थांबणं, यूएसबी तुटणं, हेडबोर्ड (शाई फवारणाऱ्या हेडचं सर्किट) जळणं, या रोगांचं मूळ अनेकदा याच खड्ड्यात असतं.

यूपीएसही हवाच. लाइन गेली की हेड मध्येच उघडं अडकतं आणि शाई नोझलवर, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांवर, सुकते. यूपीएसमुळे निदान हेड कॅपवर (हेड झाकून ठेवणाऱ्या टोपीवर) परत नेता येतं. मशीनमधल्या शाई सुकवणाऱ्या हीटरचा भार मोठा असतो, तो धरूनच यूपीएसचा हिशेब करा. यूपीएस येईपर्यंत लाइन गेली की आधी मशीनचा स्विच बंद करा, आणि तुमच्या मशीनमध्ये हेड हाताने सरकवता येत असेल तरच ते हळूच कॅपवर न्या.

दुसरी चूक खोलीची. टिनाच्या शेडमध्ये इको सॉल्व्हंट मशीन (उडून जाणाऱ्या द्रवाची, म्हणजे सॉल्व्हंटची शाई वापरणारं फ्लेक्स मशीन) ठेवू नका. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. शेडच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. मशीनला साधारण 20 ते 30 अंश आणि 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. कूलर चालेल, पण त्याचा झोत मशीनवर नको. वाऱ्याने नोझल लवकर सुकतं, वर धूळही येते. शेजारी जिनिंग असेल तर दिवाळीनंतर दार लावूनच काम करा. कापसाचा एक तंतू हेडखाली अडकला की अख्ख्या फ्लेक्सवर रेघ ओढत जातो.

सोयाबीन काढायला मालक आठवडाभर शेतात, दुकान बंद, आणि परत आल्यावर "हेड चोक झालं जी!" रोज एक नोझल चेक (सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी रेघांची छोटी प्रिंट) आणि हातभर प्रिंट, काम असो वा नसो. रेघा तुटक आल्या तर लागोपाठ सात-आठ क्लीनिंग मारू नका. शाई नुसती वाहून जाते. दोनदा करा, तासभर थांबा, मग कॅप आणि डॅम्पर (हेडला शाई पुरवणारी छोटी डबी) तपासा.

आता रेडियम कटिंग, म्हणजे चिकट रंगीत शीटमधून अक्षरं कापणं. इथली चूक इंग्रजी व्हिडिओ सांगत नाहीत, कारण इंग्रजी अक्षरांना शिरोरेखा नसते. सुरुवातीला मी एका मालवाहू गाडीच्या काचेसाठी "जय सेवालाल" कापलं. स्क्रीनवर सुरेख दिसत होतं. टाचणीने फालतू रेडियम सोलायला घेतलं तर शिरोरेखा अक्षराअक्षराला तुटलेली, "से"ची मात्रा वेगळी निघून बोटाला चिकटलेली. फॉन्टमधली अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात आणि कटर प्रत्येकाची कड वेगळी कापतो. म्हणून कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) कंट्रोल-क्यू करून आधी कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं आकारात रूपांतर करा, मग सगळं निवडून वेल्ड, म्हणजे सगळे आकार जोडून एक करा. कटरला पाठवण्याआधी वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) बघा. शिरोरेखेच्या कडांच्या आत एकही रेघ दिसली तर वेल्ड राहिलंय.

ब्लेड जास्त बाहेर काढणं ही तर प्रत्येकाची पहिली चूक. होल्डर हातात धरून तुकड्यावर ओढून पाहा: रेडियम कापलं जावं, मागच्या कागदावर फक्त ओरखडा उठावा. दाब 60-80 ग्रॅमपासून दहा-दहाने वाढवा. कोपरे गोलावत असतील किंवा त्यांना शिंग फुटत असेल तर दाबाला हात लावू नका, ऑफसेट (ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते) बघा. साध्या ब्लेडला तो 0.25 मिमीच्या आसपास लागतो.

फाइलचं थोडक्यात. 10 बाय 20 फुटांचं फ्लेक्स 300 डीपीआयमध्ये (इंचाला 300 ठिपके) बनवलं तर सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) ते दहा जीबीच्या घरात जातं आणि कॉम्प्युटर गारठतो. रस्त्यावरच्या बॅनरला 72 पुरे.

प्रिंट केलेलं व्हिनाइल (चिकट प्लास्टिक शीट) लगेच लॅमिनेट करू नका. 24 तास सैल गुंडाळून ठेवा, सॉल्व्हंट उडू द्या, नाहीतर कडा वळतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईक डोक्यावर बसतं हे मलाही माहीत आहे, म्हणून अशी ऑर्डर दोन दिवस आधीच बंद करायची.

चिकटवताना रॉकेलने पुसायची सवय सोडा. तेलकट थर राहतो. स्पिरिट वापरा. ट्रॅक्टरचं बोनेट हाताला चटका देत असेल तर रेडियम टेकताक्षणी चिकटतं, सरकवताही येत नाही, ओढलं तर ताणतं. ट्रॅक्टर निंबाच्या सावलीत लावायला सांगा, मालकाला चहा पाजा, आणि बोनेट थंड झालं की मग मास्किंग टेप (कापलेली अक्षरं उचलून जागेवर लावायची) उचला.