नोकरी न सोडता जॉर्जिया टेकची ऑनलाइन मास्टर्स: अर्जापासून पदवीपर्यंत

नोकरी सांभाळून कॉम्प्युटरची मास्टर्स करायची असं ज्याच्या मनात येतं, तो पहिला प्रश्न प्रवेशाचा विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न आठवड्याचा असायला हवा. तुमच्या आठवड्यात मोकळे पंधरा तास आहेत का? असतील तर कोणत्या वारी आणि किती वाजता? हिंजवडीतली नोकरी आणि घर सांभाळत मी ही पदवी घेतली. त्या सगळ्या काळात मला सर्वांत उपयोगी पडलं ते अर्ज करण्याआधी घरच्यांसोबत बसून केलेलं वेळापत्रक.

पुण्या-मुंबईतले बरेच जण निवडतात तो अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचा अभ्यासक्रम इथे घेतो आहे. त्याला सगळे ओएमएससीएस म्हणतात, म्हणजे ऑनलाइन मास्टर ऑफ सायन्स इन कॉम्प्युटर सायन्स. अटलांटाच्या या विद्यापीठाने तो २०१३ मध्ये जाहीर केला आणि जानेवारी २०१४ मध्ये पहिले वर्ग सुरू झाले. पूर्ण मास्टर्स सात हजार डॉलरच्या आत, ही त्या वेळी मोठी बातमी होती. आजचा आकडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. प्रत्येकी तीन क्रेडिटचे दहा विषय, असे एकूण तीस क्रेडिट. पदवीवर 'ऑनलाइन' हा शब्द नसतो. कॅम्पसवरच्या विद्यार्थ्याला मिळते तीच पदवी तुम्हाला मिळते.

आधी ठरवा, पदवी कशासाठी हवी

ही पायरी लोक ओलांडून पुढे जातात आणि मग मनस्ताप होतो. ऑनलाइन प्रवेशावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, त्यामुळे शिक्षणानंतर तिथे काम करण्याची विद्यार्थ्यांना मिळते ती मुभाही नाही. अमेरिकेत स्थायिक व्हायचा हा रस्ता नाही. दुसरं म्हणजे, भारतात प्राध्यापकी, सरकारी नोकरी किंवा इथली पीएचडी डोक्यात असेल तर परदेशी ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळवणं अवघड जातं. खासगी आयटी कंपनीत राहून कामाची खोली वाढवायची असेल, तर मात्र ही पदवी उत्तम.

सरकारी मान्यता महत्त्वाची असेल तर इग्नूचं एमसीए बघा. दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. बिट्स पिलानीचा कामाशी जोडलेला एमटेकही अनेक जण करतात. तो चार सेमिस्टरचा असून त्यासाठी तुमच्या कंपनीची संमती लागते. 'घरबसल्या दूरस्थ बीटेक, एमटेक' अशा जाहिराती दिसल्या तर मात्र थांबा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला, तेव्हा २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. नोकरीला लागलेल्या, बढती मिळालेल्या माणसांची कागदपत्रं एका दिवसात निकामी ठरली. पैसे भरण्याआधी मान्यता स्वतः तपासा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

पंधरा तास शोधा

विषयागणिक आठवड्याला दहा ते वीस तास लागतात. हलका विषय दहात बसतो, जड विषय पंचविसापर्यंतही जातो. कागदावर सोमवार ते रविवार आखा. ऑफिस, जाणं-येणं, मुलांची शाळा, आई-वडिलांचं दवाखान्याचं काम, सगळं भरा आणि उरलेल्या चौकोनांत तास बसवा. रात्री अकरानंतरचे तास धरू नका. प्रोग्रामिंगचा गुंता त्या वेळी सुटत नाही, वाढतोच. माझे तास पहाटे पाच ते सात आणि रविवारची पूर्ण सकाळ असे होते. रविवार सकाळ म्हणजे घरातल्या बाकीच्यांच्या वाट्याला जास्तीचं काम. म्हणूनच हे वेळापत्रक नवरा-बायकोने एकत्र बसून करायचं असतं.

हे तास सापडले नाहीत तर वर्षभर थांबलेलं बरं. प्रवेश पुढच्या वर्षीही मिळेल.

अर्ज

प्रवेश वर्षातून दोनदा होतात. ऑगस्टच्या सत्रासाठी मार्चच्या सुमारास आणि जानेवारीच्या सत्रासाठी आदल्या ऑगस्टच्या सुमारास अर्ज करावा लागतो. अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी बरेचदा मागतात ती जीआरई परीक्षा इथे लागत नाही. भारतातून अर्ज करणाऱ्यांना टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तीन शिफारसपत्रं लागतात. ती तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसांकडून घ्या. मोठ्या हुद्द्याच्या माणसाची मोघम चार वाक्यं कमी कामाची, तुमचा कोड रोज तपासणाऱ्या टीम लीडचं एक पान जास्त मोलाचं.

आपल्याकडच्या लोकांची हमखास अडचण नावाची. महाराष्ट्रातल्या मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर आणखी वेगळा. इंग्रजीची परीक्षा पासपोर्टवरच्या नावानेच द्या, अर्जही त्याच नावाने भरा आणि फरक दाखवणारी कागदपत्रं आधीच जमवून ठेवा. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सत्रांच्या अधिकृत गुणपत्रकाचा अर्जही वेळेत टाका.

प्रवेश तुलनेने सहज मिळतो, कारण जागा भरपूर आहेत. एका वेळी दहा हजारांहून जास्त विद्यार्थी शिकत असतात. खरी चाळणी आत गेल्यावर लागते.

पहिलं वर्ष जपून

पहिल्या बारा महिन्यांत 'फाउंडेशनल', म्हणजे पायाभूत विषयांच्या यादीतले दोन विषय किमान बी ग्रेडने पास व्हावे लागतात, नाहीतर पुढे जाता येत नाही. म्हणून पहिल्या सत्रात एकच विषय घ्या, तोही आपल्या हाताला जमणारा. पायथन येत असेल तर 'मशीन लर्निंग फॉर ट्रेडिंग'ने अनेक जण सुरुवात करतात. लिहायची सवय असेल तर 'ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन' चालेल, पण त्यात दर आठवड्याला इंग्रजीत पानंच्या पानं लिहावी लागतात आणि दुसऱ्यांच्या लेखनावर अभिप्रायही द्यावा लागतो. ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पदव्युत्तर विषय फार सुंदर आहे. त्यात तुम्ही सी भाषेत एकाच वेळी अनेकांना फाइल पुरवणारा सर्व्हर लिहिता. पण कॉलेजनंतर सी भाषेतल्या पॉइंटरला (मेमरीचा पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलला) हात लावला नसेल तर आधी दोन महिने सी घोटून घ्या.

जे सिव्हिल, मेकॅनिकलमधून आयटीत आले आहेत त्यांनी डेटा स्ट्रक्चर्स आणि संभाव्यता या दोन गोष्टी प्रवेशाआधीच पक्क्या कराव्यात. पदवी कुठल्या शाखेची यापेक्षा या दोन येतात की नाहीत, याने जास्त फरक पडतो.

सत्र चालू असताना

ऑगस्ट ते डिसेंबर, जानेवारी ते मे आणि मधलं आखूड उन्हाळी सत्र, अशी वर्षाची रचना. उन्हाळ्यात तोच मजकूर कमी आठवड्यांत कोंबलेला असतो, तेव्हा जड विषय टाळा. सत्राची तारीखवार यादी पहिल्याच दिवशी मिळते. ती कालनिर्णयशेजारी लावा. ऑगस्टच्या सत्रात सुरुवातीला गणपती आणि ऐन मध्यावर दिवाळी येते, आणि अटलांटाला दिवाळीची सुट्टी नसते. गावी जाणार असाल तर ती असाइनमेंट आठवडाभर आधी संपवावी लागते.

डेडलाइनचं घड्याळ नीट समजून घ्या. बऱ्याच विषयांत 'एनीव्हेअर ऑन अर्थ' ही वेळ धरतात, म्हणजे रविवारची मध्यरात्र आपल्याकडे सोमवारी संध्याकाळी साडेपाचला होते. ऐकायला छान, पण तेव्हा तुम्ही ऑफिसात असता. अटलांटाची वेळ असेल तर तीच मध्यरात्र आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेनऊला येते, आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की साडेदहाला. मी स्वतःसाठी रविवार रात्री नऊची वेळ ठरवली होती आणि ती पाळली.

वर्गमित्र समोर नसतात, त्यामुळे चर्चेच्या व्यासपीठावर प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तरं देणारे टीए, म्हणजे प्राध्यापकांचे शिकवणी सहायक, बरेचदा हाच अभ्यासक्रम करून गेलेले नोकरदार असतात, त्यांना तुमची अडचण कळते. २०१६ मध्ये प्राध्यापक अशोक गोयल यांच्या विषयात 'जिल वॉटसन' नावाची एक टीए उत्तरं देत होती. ती माणूस नसून प्रोग्राम आहे, हे विद्यार्थ्यांना सत्राच्या शेवटी कळलं. आज ते नवल वाटणार नाही, पण उत्तरं मिळवण्याची सोय या अभ्यासक्रमाने किती आधीपासून मनावर घेतली होती ते त्यातून दिसतं.

एक कडक इशारा. असाइनमेंटचा कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) सगळ्यांना दिसेल असा टाकू नका आणि दुसऱ्याचा उचलू नका. कोड मशीनने तपासला जातो, आणि पकडलं गेलं तर प्रकरण शिस्तपालन कार्यालयाकडे जातं. ऑफिसात इंटरनेटवरून तुकडे जोडून काम करायची सवय असते, ती इथे महागात पडते.

परीक्षा

परीक्षा घरूनच, पण कॅमेरा सुरू ठेवून. आधी खोली, टेबल, टेबलाखालचा भाग कॅमेऱ्यात फिरवून दाखवावा लागतो. परीक्षेसाठी काही दिवसांची मुदत असते, त्यातला दिवस तुम्ही निवडता. पुण्यात गुरुवार निवडू नका, दुरुस्तीसाठी लाइट जाते ती बहुधा त्याच दिवशी. लॅपटॉप पूर्ण चार्ज, राउटर इन्व्हर्टरवर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. घरच्यांना दोन तास दार न उघडायला सांगा, लहान मुलांना तर दोनदा सांगा.

विषय सोडणं आणि शेवटाकडे

सत्र निम्मं झाल्यावरही काही दिवस विषय सोडता येतो. तेव्हा ग्रेडच्या जागी डब्ल्यू (विथड्रॉन, म्हणजे विषय सोडला) लागतो आणि सरासरीवर परिणाम होत नाही. घरात आजारपण आलं किंवा कंपनीत सॉफ्टवेअरची रिलीज अंगावर आली, तर निःसंकोच सोडा. पैसे जातात, पण पदवी वाचते. पदवीसाठी एकूण सरासरी चारपैकी तीन लागते, आणि स्पेशलायझेशनच्या, म्हणजे तुम्ही निवडलेल्या खास शाखेच्या विषयांत बी हवाच.

दर सत्राला एक असे वर्षाला तीन विषय धरले तर दहा विषयांना साधारण तीन वर्षं चार महिने लागतात. पूर्ण करायला सहा वर्षांची मुदत असते. घाई असलेले दोन-दोन घेतात. मूल लहान असेल तर मी तसं सुचवणार नाही. 'ग्रॅज्युएट अल्गोरिदम्स' हा विषय काही स्पेशलायझेशनना सक्तीचा आहे. ज्यांची क्रेडिट जास्त त्यांना नोंदणी आधी करता येते, म्हणून तो बहुतेकांच्या वाट्याला अगदी शेवटी येतो. त्याचा भर लेखी परीक्षेवर आहे. त्या सत्रात ऑफिसातली नवी जबाबदारी घेऊ नका आणि सुट्ट्या साठवून ठेवा.

शेवटच्या सत्रात पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो आपोआप होत नाही. पदवीदानाला अटलांटाला जाता येतं, कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यांबरोबर मंचावरून चालता येतं. आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर सगळ्यांच्या व्हिजिटर व्हिसासाठी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीची तारीख निदान वर्षभर आधीपासून शोधायला लागा.