केळीच्या खांबापासून सुपरकपॅसिटरचा कोळसा
सुपरकपॅसिटर म्हणजे वीज झटपट साठवणारं आणि झटपट सोडणारं साधन; त्याच्या इलेक्ट्रोडला लागणारा सच्छिद्र कोळसा केळीपासून करता येतो. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे घड उतरवल्यावर बांधावर फेकलेला केळीचा खांब प्रयोगशाळेला फुकट मिळतो. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणून तुकडे आधी उन्हात कडक वाळवा, मग १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर ओव्हनमध्ये ठेवा.

नायट्रोजनमध्ये ५०० अंशांवर कोळसा करा. त्यात सूक्ष्म छिद्रं पाडण्यासाठी वजनाच्या तिप्पट पोटॅशियम हायड्रॉक्साइड (तीव्र अल्कली) मिसळून निकेलच्या मुशीत, नायट्रोजनमध्येच, ८०० अंशांवर तासभर तापवा. अल्युमिनाची मूस नको, तिला ही अल्कली खाऊन टाकते. हवा शिरली, तर हाती राखच येते! भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका: आत धातुरूप पोटॅशियम असू शकतं, ते पाण्याशी पेट घेतं.

मग १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि सामू ७ येईपर्यंत पाण्याने धुवा. इलेक्ट्रोडसाठी कोळसा, कार्बन ब्लॅक (वीजवाहक काजळी) आणि पीटीएफई (भुकटी बांधून ठेवणारं प्लास्टिक) वजनाने ८०:१०:१० घ्या. सुपरकपॅसिटरमध्ये अल्कलीचं द्रावण वापरणार असाल, तर पीव्हीडीएफ हे दुसरं बांधणारं प्लास्टिक नको; ते तीव्र अल्कलीत टिकत नाही.