दुखणं पायाचं, मग मनाचा डॉक्टर कशाला? हे कसं ठरवावं

पहिल्याच पावसात नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझी स्कूटी घसरली आणि उजवा घोटा मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. सप्टेंबरच्या एक्स-रेत हाड छान जुळलेलं दिसलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "आता बिनधास्त चाला." पण डिसेंबर उजाडला तरी जिना उतरताना माझा हात कठड्यावरून सुटत नव्हता. स्कूटी पार्किंगमध्ये धूळ खात होती आणि मी रोज रिक्षानं ऑफिसला जात होते.

एक दिवस फिजिओताईंनी माझ्या चपला उलट्या करून समोर ठेवल्या. डावीची टाच झिजलेली, उजवीची जवळपास कोरी. "ताई, घोटा बरा झालाय. तुम्हीच त्याच्यावर भार टाकत नाही आहात. धसका घेतलाय तुम्ही." आणि त्यांनी मानसशास्त्रज्ञांना भेटायला सुचवलं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुखतोय पाय आणि दाखवायचं डोकं?" प्रश्न चुकीचा नव्हता. मलाही तोच पडला होता. त्याचं उत्तर शोधताना मी ज्या क्रमानं गेले, तोच क्रम इथे देते आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. मानसिक आधार सुचवला म्हणजे तुमचं दुखणं खोटं आहे, नाटक आहे, असं कुणी म्हणत नाही. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या नव्यानं मांडली. तिच्यात वेदना हा शरीराच्या संवेदनेबरोबरच भावनेचाही अनुभव मानला आहे. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलेला सिद्धांत सांगतो की मणक्यात जणू एक फाटक असतं आणि मेंदूकडे जाणारी कळ तिथे कमी-जास्त होऊ शकते. कोपर आपटलं की आपण ते आपोआप चोळतो, आणि चोळल्यावर बरं वाटतं. तेच हे फाटक. भीती, काळजी, अपुरी झोप यांनी ते सताड उघडं राहतं.

पहिली पायरी: शरीराची तपासणी पूर्ण झाली आहे का?

ही पायरी ओलांडून कुणीही पुढे जाऊ नये. माझ्या मामेसासऱ्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. ऐन ऑक्टोबर छाटणीत त्यांची कंबर धरली. कर्जाचं टेन्शन होतंच, त्यामुळे घरच्यांनी ठरवून टाकलं की सगळं मनाचंच आहे. पण चालताना त्यांची एका पायातली चप्पल आपोआप निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. पाऊल वर उचलणारी ताकद गेली होती. मणक्यात नस दाबली गेली होती आणि त्यांना समुपदेशकाच्या आधी सर्जनची गरज होती. चप्पल त्यांच्याही बाबतीत बोललीच, फक्त वेगळं बोलली.

पुढच्यापैकी काही असेल तर मनाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा: हातापायातली ताकद कमी होत जाणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, दुखण्यासोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं, कूस बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं. ऑपरेशन किंवा प्लास्टरनंतर पोटरी सुजून गरम झाली, अचानक धाप लागली, तर त्याच क्षणी निघा. प्लास्टर निघाल्यावर हातापायाची आग होते, रंग बदलतो, साधी चादर लागलेली सोसत नाही, असं असेल तर तेही लवकर दाखवा. त्यावर जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितकं बरं.

याची दुसरी बाजूही आहे. एमआरआयचा कागद म्हणजे शेवटचा शब्द नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन पाहिले होते. मणक्याच्या चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत दिसली. तेव्हा रिपोर्टमध्ये 'झीज' वाचून हाय खाऊ नका. एकाच अहवालाची पिशवी घेऊन चार दवाखाने फिरून झाले असतील आणि चौघांनीही तेच सांगितलं असेल, तर पाचव्याकडे जाण्याआधी पुढची पायरी वाचा.

दुसरी पायरी: कॅलेंडर बघा

दुखापतीनंतरचे पहिले काही आठवडे चिडचिड होणं, रडू येणं, झोप मोडणं स्वाभाविक आहे. त्यासाठी लगेच कुणाकडे धावायची गरज नाही. घरच्यांची साथ, वेळेवर गोळ्या आणि व्यायाम एवढं बहुतेकांना पुरतं. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की डॉक्टरी भाषेत ते दीर्घकालीन होतं, आणि तिथे हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

अपघाताच्या बाबतीत तीन महिने थांबू नका. ब्रेकचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो, तोच प्रसंग स्वप्नात पुन्हापुन्हा दिसतो, त्या रस्त्यानं जाणं टळतं, आणि हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं, तर दुखणं कमी असलं तरी दाखवायला हवं. मी द्वारका चुकवण्यासाठी रिक्षावाल्यांना लांबच्या रस्त्यानं न्यायला लावायचे आणि वर जास्तीचे पैसे द्यायचे. तेव्हा मला ते अगदी शहाणपणाचं वाटायचं.

तिसरी पायरी: चौदा दिवसांची वही

सगळ्यात उपयोगी पडली ती हीच. दहापैकी किती दुखतंय, हा आकडा लिहून फारसं काही कळत नाही. त्याऐवजी तीन रकाने आखा: काय करायचं होतं, काय केलं, आणि न करण्याआधी मनात काय आलं. तिसरा रकाना ज्या शब्दांत विचार आला त्याच शब्दांत लिहायचा, सुधारून नाही.

माझ्या वहीतला एक मंगळवार असा आहे. करायचं होतं: आईबरोबर काळारामाच्या दर्शनाला जाणं. केलं: गेले नाही, घरी झोपून राहिले. मनात आलं: 'गर्दीत कुणी पायावर पाय दिला तर स्क्रू निखळेल.' त्या दिवशी पाय दुखत होता का? जवळपास नाहीच.

चौदा दिवसांत असे नऊ दिवस निघाले. 'स्क्रू निखळेल' चार वेळा होतं. ते वाक्य मी डॉक्टरांना एकदाही विचारलं नव्हतं. पुढच्या तपासणीला विचारलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अहो, आता हाडच भार घेतंय, स्क्रू नाही."

चौथी पायरी: वही वाचा

वही पुढे ठेवून एकच गोष्ट शोधायची: दिवस कुणी ठरवला, दुखण्यानं की दुखेल या भीतीनं? दुसरं उत्तर वारंवार येत असेल, तर मानसिक आधार तुमच्यासाठी योग्य असण्याची शक्यता बरीच आहे. कारण साधं आहे. भीतीनं हालचाल टाळली की स्नायू अशक्त होतात आणि सांधा आखडतो. मग हलवल्यावर खरंच दुखतं, आणि भीती बरोबरच होती असं वाटतं. हा फेरा फक्त गोळ्यांनी सुटत नाही.

याच्या उलट स्वभावाची माणसंही असतात. एका रविवारी बरं वाटलं की पडदे धुवायचे, माळा आवरायचा, गव्हाचा डबा गिरणीवर न्यायचा, आणि मग बुधवारपर्यंत आडवं. वहीत असे चढउतार दिसले तर कामाची वाटणी शिकवणारा माणूस हवा. तेही या उपचारातच येतं.

बाकीच्या खुणा थोडक्यात सांगते. झोप तुटते आणि पहाटे तीनला 'आता असंच राहणार' हा विचार येतो. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही. दुखायच्या आधीच 'दुखेल' म्हणून गोळी घेतली जाते. घरातल्यांवर विनाकारण आवाज चढतो. दुखण्यापायी दारूचं प्रमाण वाढतं, आणि हे बरेच पुरुष वहीतही लिहीत नाहीत.

जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलं बरं, असं मनात येत असेल तर वही, पायऱ्या, लेख सगळं ठेवून द्या. घरात कुणाला तरी आत्ता सांगा आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

आता मानसिक आधाराची गरज नसलेली माणसं. फिजिओनं दिलेला व्यायाम आठवड्यातून एकदाच होत असेल तर आधी तो नीट करा. सातपूर-अंबडच्या कंपनीत आठ तास वाकून काम असेल आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल, तर आधी कामाची जागा बदलून घेण्याबद्दल बोला. मनावर काम करून मशीनची उंची बदलत नाही. आणि केवळ घरच्यांनी ढकललं म्हणून जाणार असाल, तर पैसे वाया जायची शक्यता जास्त.

पाचवी पायरी: काय मिळेल, ते आधीच समजून घ्या

इथे खरं सांगणारे कमी भेटतात. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेनं जुनाट दुखण्यावरच्या मानसोपचारांचा २०२० साली आढावा घेतला. त्यात ७५ अभ्यास आणि नऊ हजारांहून जास्त रुग्ण होते. विचार आणि वागणूक बदलण्याच्या पद्धतीनं, म्हणजे सीबीटीनं, दुखणं, हालचालींवरची बंधनं आणि मनाचा त्रास यांत फरक पडतो, पण सरासरीनं तो लहान असतो, असं त्यात दिसलं. म्हणून 'दुखणं शून्य करून द्या' एवढीच मागणी असेल तर निराशा होईल. 'मला पुन्हा स्कूटी चालवायची आहे', 'नातवाला उचलून घ्यायचं आहे' अशी मागणी असेल तर जा.

सहावी पायरी: कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर असतात, ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, बोलून आणि सरावातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. समुपदेशक ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण विचारा. नाशिकमध्ये खर्चाचा प्रश्न असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करा. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी मागा. खासगी विमा असेल तर ओपीडीचा खर्च बसतो का, हे आधी फोन करून विचारा, बऱ्याचदा बसत नाही.

डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून दिलं आणि नेटवर 'डिप्रेशनची गोळी' असं वाचलं, तर घाबरून बंद करू नका. या गोळ्या नसांच्या दुखण्यावरही देतात. शंका असेल तर लिहून देणाऱ्यालाच विचारा.

सातवी पायरी: चार भेटींचा करार

कायमचं ठरवायची गरज नाही. चार भेटी ठरवा. पहिल्या भेटीत विचारा: दीर्घ दुखण्याच्या रुग्णांबरोबर काम केलं आहे का? माझ्या फिजिओशी बोलाल का? घरी सराव काय असेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल आणि नुसत्या गप्पाच होणार असतील, तर दुसरीकडे बघा. दुखणं पूर्ण घालवतो अशी हमी देणाऱ्याकडून तर उठूनच या.

मला पहिला सराव मिळाला तो बंद स्कूटीवर रोज पाच मिनिटं बसायचा. पार्किंगमध्ये वॉचमनकाका बघत राहायचे, फार लाज वाटायची. दुसऱ्या आठवड्यात ती चालू करून सोसायटीच्या आतच एक फेरी मारली. चौथ्या भेटीपर्यंत द्वारका अजून झाली नव्हती, पण वहीतले 'गेले नाही' नऊवरून तीनवर आले होते. तेवढ्यावर मी पुढच्या चार भेटी ठरवल्या. तुमच्या वहीत चार भेटींनंतर काहीच हललं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. पद्धत बदलता येते, माणूसही बदलता येतो.

पहिल्या भेटीला शेवटचा एक्स-रे, चालू गोळ्यांची यादी आणि ती वही न्या. आणि रोजच्या वापरातल्या चपला घालून जा.