ईमेल सॉफ्टवेअरमधील टूलबारची मांडणी बिघडल्यास काय करावे

ईमेल सॉफ्टवेअरमधील 'रिप्लाय' किंवा 'फॉरवर्ड' यांसारखी रोजच्या वापरातील बटणे अचानक दिसेनाशी झाली, की अनेक जण सॉफ्टवेअर काढून टाकून ते नव्याने बसवतात. हा उपाय सहसा निष्फळ ठरतो. टूलबारची, म्हणजे बटणांच्या पट्टीची, मांडणी मूळ प्रोग्रामच्या फाइल्समध्ये नव्हे, तर वापरकर्त्याच्या वैयक्तिक सेटिंग्जमध्ये साठवलेली असते. प्रोग्राम काढून टाकल्यावरही त्या सेटिंग्ज सामान्यतः जागच्या जागी राहतात आणि नव्याने बसवलेला प्रोग्राम तीच बिघडलेली मांडणी पुन्हा उचलतो. म्हणून टूलबार लपला आहे, खिडकीत मावत नाही, दुसऱ्याच ठिकाणी गेला आहे, की त्याची नोंद ठेवणारी फाइल खराब झाली आहे, हे आधी ठरवावे. सर्व मांडणी मूळपदावर आणणारा उपाय सर्वांत शेवटी करावा, कारण त्यात आपण स्वतः लावून घेतलेली बटणेही पुसली जातात.

सर्वांत सोपी शक्यता टूलबार लपल्याची असते. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये मेनूबार दिसत नसेल, तर ऑल्ट कळ एकदा दाबावी; तो तात्पुरता प्रकट होतो. त्यानंतर 'व्ह्यू' मेनूतील 'टूलबार्स' या उपमेनूत जाऊन मेनूबारवर खूण केली, की तो कायम राहतो. डाव्या कडेची स्पेसेस टूलबारची उभी पट्टीही याच उपमेनूतून परत आणता येते. विंडोजवरील क्लासिक आउटलुकमध्ये संपूर्ण रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आक्रसून केवळ टॅबची नावे उरली असतील, तर कंट्रोल आणि एफ१ या कळा एकत्र दाबाव्यात. या कळा चुकून दाबल्या गेल्यामुळेच रिबन अनेकदा नाहीसा झालेला असतो. मॅकवरील मेलमध्ये लपलेला टूलबार 'व्ह्यू' मेनूतून परत दाखवता येतो.

काही बटणे दिसतात आणि उजवीकडची काही दिसत नाहीत, अशी स्थिती असेल तर खिडकी मोठी करून पाहावी. मॅकवरील मेलमध्ये जागा अपुरी पडली की उरलेली बटणे टूलबारच्या टोकाशी असलेल्या दुहेरी बाणामागे जातात. विंडोजमध्ये डिस्प्लेचे स्केलिंग, म्हणजे पडद्यावरील मजकूर आणि बटणे मोठी दाखवण्याचे प्रमाण, १०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर नेले, तर तेवढ्याच पडद्यावर पूर्वीपेक्षा बरीच कमी बटणे मावतात. निरनिराळे स्केलिंग असलेले दोन मॉनिटर जोडलेले असताना एकावरून दुसऱ्यावर नेलेली खिडकी वेडीवाकडी दिसू शकते; अशा वेळी प्रोग्राम बंद करून ज्या मॉनिटरवर काम करायचे आहे तेथेच तो पुन्हा उघडावा. मॉनिटर काढून टाकल्यामुळे खिडकीच पडद्याबाहेर राहिली असेल, तर विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण या कळांनी ती दुसऱ्या पडद्यावर आणता येते.

पत्र लिहिण्याच्या खिडकीतील एका तक्रारीचा मात्र टूलबारशी थेट संबंध नसतो. थंडरबर्डमध्ये ठळक अक्षरे, रंग, याद्या यांची फॉरमॅटिंगची पट्टी गायब झाली असेल, तर बहुधा पत्र साध्या मजकुराच्या स्वरूपात उघडलेले असते आणि साध्या मजकुराला फॉरमॅटिंग लागूच होत नाही. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये त्या खात्याच्या 'कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग' या विभागात जाऊन संदेश एचटीएमएल, म्हणजे फॉरमॅटिंग चालणाऱ्या, स्वरूपात लिहिण्याच्या पर्यायावर खूण आहे का, ते पाहावे. हा पर्याय प्रत्येक खात्याला स्वतंत्र असतो. त्यामुळे एका पत्त्यावरून लिहिताना पट्टी दिसते आणि दुसऱ्यावरून दिसत नाही, असे घडू शकते. केवळ एकाच पत्रापुरते स्वरूप बदलायचे असेल, तर शिफ्ट कळ दाबून ठेवून नवीन संदेशाच्या किंवा रिप्लायच्या बटणावर क्लिक करावे. आउटलुकमध्ये अशा वेळी फॉरमॅटिंगची बटणे जागेवर असतात, पण फिकट होतात. तेथे 'फॉरमॅट टेक्स्ट' टॅबमधून एचटीएमएल निवडावे.

बटणे दुसरीकडे गेल्याचा अनुभव थंडरबर्डच्या जुन्या वापरकर्त्यांना विशेष येतो. २०२३ साली आलेल्या ११५ व्या आवृत्तीत, म्हणजे 'सुपरनोव्हा'मध्ये, मुख्य टूलबार खिडकीच्या अगदी माथ्यावर गेला आणि तो मेल, कॅलेंडर, अ‍ॅड्रेस बुक अशा सर्व विभागांसाठी एकच झाला. पट्टी एक असली, तरी तिच्यावरील बटणांची निवड प्रत्येक विभागासाठी वेगळी साठवली जाते. मेल विभागात लावलेले बटण कॅलेंडरमध्ये दिसले नाही, तर तो बिघाड नव्हे. पट्टीवरील रिकाम्या जागी उजवे क्लिक करून 'कस्टमाइझ' निवडावे, वर दिसणाऱ्या विभागांपैकी योग्य विभाग उघडावा, हवी ती बटणे पट्टीवर ओढून आणावीत आणि शेवटी 'सेव्ह' करण्यास विसरू नये. बटणांवर नावे दिसावीत की केवळ चिन्हे, हेही येथेच ठरते. संदेशाच्या शीर्षभागातील रिप्लाय, फॉरवर्ड ही बटणे या मांडणीत येत नाहीत. त्यांची रचना शीर्षभागातील 'मोअर' बटणाखालील 'कस्टमाइझ'मधून बदलावी लागते. संदेशांच्या यादीतील स्तंभांची मांडणीसुद्धा निराळी असून ती प्रत्येक फोल्डरपुरती असते.

इतके करूनही पट्टी रिकामी राहते किंवा केलेले बदल दर वेळी पुसले जातात, असे असेल तर एखादे अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून जोडलेला पूरक प्रोग्राम, अडथळा आणत आहे का, हे तपासावे. थंडरबर्ड 'हेल्प' मेनूतून 'ट्रबलशूट मोड'मध्ये, म्हणजे अ‍ॅड-ऑन बंद ठेवून, सुरू करावे. तेथे मांडणी सुधारलेली दिसली, तर नेहमीच्या पद्धतीने प्रोग्राम उघडून अ‍ॅड-ऑन एकेक करून बंद करावीत. ट्रबलशूट मोडच्या चौकटीत टूलबार मूळपदावर आणण्याचा पर्यायही असतो. पण अ‍ॅड-ऑनची तपासणी होईपर्यंत त्याला हात लावू नये, अन्यथा दोष नेमका कशात होता ते कळणार नाही. 'यूझरक्रोम' (userChrome.css) नावाच्या, प्रोग्रामचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलमधून कधी काळी रूप बदलून घेतले असेल, तर प्रोफाइलमधील, म्हणजे वैयक्तिक सेटिंग्ज साठवणाऱ्या फोल्डरमधील, 'क्रोम' (chrome) फोल्डरचे नाव तात्पुरते बदलावे. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेले असे नियम नव्या आवृत्तीत भलत्याच घटकांना लपवू शकतात.

अखेरीस मांडणीची फाइलच खराब झाल्याची शक्यता उरते. थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये 'एक्सयूएलस्टोअर' (xulstore.json) नावाची जेसन फाइल असते. 'हेल्प'मधील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावरून ते फोल्डर उघडावे आणि मग थंडरबर्ड पूर्णपणे बंद करावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रोग्राम चालू असताना मांडणी स्मरणात धरलेली असते आणि बंद होताना ती फाइलमध्ये पुन्हा लिहिली जाऊ शकते. फाइल पुसून टाकू नये. तिचे नाव बदलावे, म्हणजे गरज पडल्यास ती परत वापरता येते. पुढच्या वेळी थंडरबर्ड उघडल्यावर नवी फाइल आपोआप तयार होते. यात टूलबारची निवड आणि खिडक्यांचे आकार जातात, परंतु पत्रे, खाती, पासवर्ड आणि फिल्टर यांना धक्का लागत नाही, कारण त्यांच्या नोंदी वेगळ्या फाइल्समध्ये असतात.

क्लासिक आउटलुकमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'कस्टमाइझ रिबन' या वाटेने गेल्यावर 'रिसेट' बटणाखाली केवळ निवडलेला टॅब पूर्ववत करण्याची सोय आहे. शक्य असेल तेथे तीच वापरावी. सर्व बदल पुसण्याचा पर्याय रिबनबरोबर क्विक अ‍ॅक्सेस टूलबार, म्हणजे नेहमीच्या आज्ञांची छोटी पट्टी, हीही मूळपदावर आणतो. म्हणून त्याआधी त्याच चौकटीतील 'इम्पोर्ट/एक्सपोर्ट'मधून सध्याची मांडणी एका फाइलमध्ये काढून ठेवावी. डावीकडील नॅव्हिगेशन पेनच, म्हणजे फोल्डरांची यादी असलेला भागच, बिघडला असेल, तर रिबनला हात न लावता, आउटलुक बंद करून विंडोजच्या 'रन' चौकटीत आउटलुकच्या नावापुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच जोडून 'रिसेटनॅवपेन' हे इंग्रजी अक्षरांत (outlook.exe /resetnavpane) टंकावे. ही आज्ञा तो पेन नव्याने उभारते, मात्र तेथे जमवलेल्या फेव्हरिट फोल्डरांची यादी त्यात जाऊ शकते, त्यामुळे ती आधी टिपून ठेवावी.