खाडीपलीकडचा सिग्नल आणि मशीन लर्निंग : या चुका टाळा

मांडणी अशी धरू. सड्यावर गेटवे (सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करणारी पेटी), उतारावरच्या कलमांत ओलावा-तापमान मोजणारे लोरा सेन्सर, म्हणजे नोड (लोरा ही कमी विजेवर दूरवर छोटे निरोप पाठवणारी रेडिओ पद्धत, इथे 865 मेगाहर्ट्झवर), आणि गेटवेपासून खाडीपलीकडच्या इंटरनेटपर्यंत 5 गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक. कुठल्या नोडने किती वेगाने पाठवायचं आणि लिंक केव्हा ढेपाळणार, हे मॉडेलने, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या प्रोग्रामने, आधीच सांगावं अशी अपेक्षा. असं काम बहुतेक वेळा अल्गोरिदमपाशी अडत नाही, लॉगपाशी, म्हणजे नोंदींपाशी, अडतं.

मॉडेलआधी शिडी लावा

खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतो आणि मॉडेल त्यालाच 'ट्रेंड' समजून शिकतं. म्हणून आधी आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर) शेजारी-शेजारी ठेवून बघा. सगळ्याच नोडचे दोन्ही आकडे हळूहळू घसरत असतील, तर दोष गेटवेच्या अँटेनात किंवा केबलमध्ये. एकाच नोडचे घसरले, तर त्या नोडपाशी जा. आरएसएसआय चांगला पण एसएनआर पडलेला, म्हणजे आसपास कोणीतरी गोंगाट करतंय. अशा वेळी गेटवेच्या पेटीतला स्वस्त पॉवर सप्लायसुद्धा तपासा. कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप गुंडाळा आणि केबलला पेटीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

पावसाळा न पाहिलेलं मॉडेल

शिमग्यापासून आगोटीपर्यंतचा डेटा घेतला, मॉडेल झकास चाललं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोलमडलं. यात नवल काही नाही. पण लगेच 'पर्जन्यमान' हा कॉलम जोडणं हा उपाय नव्हे. 865 मेगाहर्ट्झवर काय किंवा 5 गिगाहर्ट्झवर काय, दोन-चार किलोमीटरच्या अंतरात पावसाचे थेंब सिग्नल फारसा खात नाहीत. तो त्रास साधारण 10 गिगाहर्ट्झच्या वर जाणवतो. इथे सिग्नल खातात ती भिजलेली पानं, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आणि गेलेली लाईट. तेव्हा पाऊस थांबून किती वेळ झाला, नोडची बॅटरी किती व्होल्टवर आहे, गेटवे चालू होता का, हे कॉलम घाला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आलं तेव्हा कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तसल्या दिवसांच्या नोंदी 'लिंक खराब' म्हणून मॉडेलला शिकवल्या, तर ते हवेला दोष द्यायला शिकेल.

डेटा पत्त्यांसारखा पिसून ट्रेनिंग (शिकवायचा) आणि टेस्ट (तपासायचा) अशी वाटणी करणं ही याचीच जुळी बहीण. पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी जवळजवळ सारख्याच असतात. एक ट्रेनिंगमध्ये, दुसरी टेस्टमध्ये गेली की मॉडेल पाठांतर करून पास होतं. वाटणी तारखेनेच करा: मेपर्यंत शिकवा, जुलैवर तपासा.

घड्याळाचा तास आणि भरतीची वेळ

खाडीवरच्या लिंकबाबत सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. आलेखात सिग्नल रोज दोनदा पडताना दिसतो, म्हणून 'दिवसाचा तास' हे फीचर (अंदाजासाठीचा कॉलम) मॉडेलला दिलं जातं. पहिले दोन-तीन दिवस अंदाज बरोबर येतात, आठवडाभरात उलटे पडतात. कारण इथलं घड्याळ चंद्राचं आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते.

पाण्याचा संबंध येतो कुठे? एक लहर सरळ जाते, दुसरी पाण्यावर आपटून. दोघींच्या वाटेत फरक पडतो आणि त्या कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडून काढतात. समजा अंतर 2 किलोमीटर आणि ओहोटीला दोन्ही अँटेना पाण्यापासून 12 मीटर वर. वाटेतला फरक सुमारे 14.4 सेंटीमीटर. भरतीने पाणी 2 मीटर चढलं की तोच फरक 10 सेंटीमीटरवर येतो. म्हणजे साडेचार सेंटीमीटरचा बदल, आणि 5.8 गिगाहर्ट्झची लहरच मुळात सव्वापाच सेंटीमीटरची! पाणी चढता-चढता सिग्नल खड्ड्यात जाऊन वर येणार हे ठरलेलंच. 865 मेगाहर्ट्झची लहर 35 सेंटीमीटरची, तिला हा बदल फारसा जाणवत नाही. म्हणून दोन्ही लिंकना एकच मॉडेल लावू नका.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा आडाखा किनाऱ्यावर कोणालाही विचारा: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तपासणीपुरता तो पुरतो. मॉडेलला मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून काढलेली पाण्याची उंचीच द्या. उधाणाची मोठी आणि भांगाची छोटी भरती यांतला फरक तिच्यात आपोआप येतो. आणि जमत असेल तर वेगळ्या उंचीवर दुसरी अँटेना बसवा. एक खड्ड्यात असताना दुसरी बहुधा नसते, मग मॉडेलचं निम्मं काम उरतच नाही.

न आलेलं पॅकेट मोजा

आरएसएसआय नोंदला जातो तो पोचलेल्या पॅकेटचा, म्हणजे नोडने पाठवलेल्या एकेका निरोपाचा. हरवलेल्याचा आकडा लॉगमध्ये नसतोच, त्यामुळे वाईट लिंकसुद्धा कागदावर गोरीगोमटी दिसते. फ्रेम काउंटर (प्रत्येक पॅकेटवरचा अनुक्रमांक) बघा: 1041 नंतर थेट 1044 आला तर मधली दोन गेली. नोड रीसेट झाला की काउंटर शून्यावर येऊ शकतो, ते वेगळं काढा. शंभरातली 95 पॅकेट पोचत असतील, तर 'पोचेल, पोचेल' एवढंच म्हणणारं मॉडेलही 95 टक्के अचूक ठरतं. हरवलेल्यांपैकी किती आधी ओळखली, ते विचारा.

वेग ठरवताना अति शहाणपण

पॅकेट पोचलं की बक्षीस, एवढंच सांगितलं तर मॉडेल सगळ्यांना एसएफ 12 वर नेतं (एसएफचा आकडा जितका मोठा, तितका वेग कमी आणि पोच लांब). 10 बाइटच्या निरोपाला एसएफ 7 वर सुमारे 60 मिलिसेकंद लागतात, एसएफ 12 वर जवळजवळ दीड सेकंद. मग नोडची पॅकेट हवेत एकमेकांवर आदळतात. हवेत घालवलेला वेळ शिक्षेच्या खात्यात धरा.

उलट टोक जास्त महाग पडतं. मॉडेलने उन्हाळ्याच्या जोरावर नोडला एसएफ 7 दिला आणि झाडं भिजली. आता सर्व्हरचा निरोप नोडला पोचत नाही. लोरावॅनच्या (लोरा नोड आणि सर्व्हर यांच्यातल्या नियमांच्या) नेहमीच्या सेटिंगप्रमाणे नोड आधी 64 आणि मग 32 पॅकेट उत्तराची वाट बघतो, तेव्हा कुठे पहिलं पाऊल मागे घेतो. पंधरा मिनिटांना एक पॅकेट धरलं तर पुरे 24 तास गेले! शिवाय त्या पहिल्या पावलात बहुधा फक्त पॉवर वाढते. वेग अजून उतरायचाच असतो.

त्यामुळे एका वेळी एकच पायरी आणि पावसाळ्यात थोडं जास्त एसएनआर राखीव. पहिला पावसाळा मॉडेलला नुसतं बोलू द्या: त्याचा निर्णय लॉगमध्ये जाऊ दे आणि वेग नेहमीची एडीआर (लोरावॅनची आपोआप वेग ठरवणारी सोय) ठरवू दे. ऑक्टोबरमध्ये दोघांची हरवलेली पॅकेट आणि हवेतला वेळ शेजारी मांडा, आणि मॉडेल सरस ठरलं त्याच नोडवर ते चालू करा.